वाचक विचारतात : हिरा आधी की खासदारकी?

प्रश्न : मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याने हिरा विकून त्या पैशातून ब्रिटिश पार्लमेंटची जागा विकत घेतली, असं वाचलं. जागा विकत घ्यायची म्हणजे मतदारांना पैसे वाटायचे का?
(एक वाचक, बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : क्रम उलटा झालाय. ओल्ड सेरम या इंग्लंडमधल्या मतदारसंघाची जमीन पिटने १६९१ साली घेतली. हिरा हाती आला तो त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. आधीचा पैसा ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी धाब्यावर बसवून केलेल्या व्यापाराचा.

आणि मतं नव्हे, जमीनच घ्यायची. तिथे मताचा हक्क ठरावीक जुन्या भूखंडांना चिकटलेला होता. भूखंड ज्याच्या नावावर, मत त्याचं. अशा मतदारसंघात सगळे तुकडे एकाच्या हाती आले की मालक निवडणुकीपुरते ते विश्वासातल्या माणसांच्या नावे करी. मत दिलं की कागद परत. ओल्ड सेरमचे मतदार जेमतेम दहाच्या आसपास, निवडून जाणार दोन! गावात वस्तीच उरली नव्हती. आपला भुईकोट किल्ला डोळ्यांपुढे आणा : तट आहे, खंदक आहे, आत राहत कुणी नाही, तरी दिल्लीला दोन खासदार. मतदान एका एल्मच्या झाडाखाली उरकत. त्याच काळात मँचेस्टरसारख्या कापडाच्या शहराला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता (गिरण्या पाहिलेल्या सोलापूरकरांना हे जरा जास्तच टोचेल). १८३२ च्या कायद्याने हा प्रकार मोडला.

घोळ व्हायचा तो भूखंड दोन मालकांत विभागले की. कुठला तुकडा मताचा, यावर तंटा. १७७० पर्यंत त्याचा निवाडा कॉमन्स सभागृहच (पार्लमेंटचं कनिष्ठ सभागृह) करी, म्हणजे सभागृहात बहुमत ज्याच्या बाजूला, त्याचा कागद खरा.

प्रश्न : मग हिऱ्याच्या पैशाचं काय झालं? आणि खासदाराला पगार किती?

उत्तर : हिरा कृष्णाकाठच्या खाणीतला, कच्चा ४१० कॅरट. व्यापारी जामचंदने दोन लाख होन मागितले; घासाघीस होऊन सौदा ४८,००० होनांवर पटला. लंडनमध्ये पैलू पाडायला सुमारे दोन वर्षं गेली. दोष काढता काढता उरला १४१ कॅरट. एवढ्या दगडाला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी १७१७ साली फ्रान्सच्या रीजंटने (बाल राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याने) सुमारे १,३५,००० पौंडांना घेतला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पिटने ५४,००० पौंड मोजून कॉर्नवॉलमधली बोकॉनॉकची जहागीर घेतली. १७११ च्या कायद्याने ओल्ड सेरमसारख्या (कागदोपत्री शहरी) जागेच्या सभासदाला जमिनीचं वर्षाला ३०० पौंड उत्पन्न लागे. तिजोरीतला हिरा त्या हिशेबात धरत नसत.

पगार शून्य. तो सुरू झाला १९११ साली.