हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कधी करावी?

प्रश्न : पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर-हरिहरेश्वरला दोन दिवस जायचंय. सोबत आजी आणि मुलं आहेत. किनाऱ्यावर कधी उतरावं?

उत्तर : आधी तिथी बघा, मग खोली ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी म्हणजे ४, त्याची पाऊणपट ३, म्हणून ३ वाजता भरती, म्हणजे ओहोटी ९च्या सुमारास. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून ओहोटीच्या तासभर आधीच निघा. पाणी वळल्यावर फोटोसाठी थांबणारेच अडकतात. शेवाळावर चप्पल घसरते, पट्ट्याचे सँडल घाला. आजींना तिथे नेऊच नका. त्यांच्यासाठी दिवेआगरची सपाट पुळण उत्तम. श्रीवर्धनला जाताना आरावीचा रस्ता घ्या, समुद्र सोबत राहतो.