पहिल्यांदा ड्रॅगन बोटीत बसताना

हाँगकाँगमधल्या स्टॅनली या ठिकाणच्या ड्रॅगन बोट शर्यतीत उतरतोयस ना? मग ताकदीची हौस किनाऱ्यावरच ठेव. ड्रॅगनचं तोंड लावलेल्या या लांब, अरुंद बोटीत वल्हवणारे वीस, पुढे ताल देणारा ढोलवाला, मागे सुकाणूवाला. वीसही वल्ही एकदम पाण्यात शिरली तरच बोट पळते. म्हणून नुसत्या ढोलावर विसंबू नकोस, नजर पहिल्या बाकावरच्या जोडीवर ठेव, बाकीचे तिचाच ताल धरतात. नुसत्या दंडांनी ओढशील तर शंभर मीटरांत गळपटशील. कमरेतून वळ, बाहेरची मांडी कडेला घट्ट टेकव. वल्हं मांडीपाशी आलं की बाहेर काढ, त्यामागे ओढलंस तर बोट उलट अडते. ताल चुकला तर एक फटका सोडून दे, घाईने घुसवू नकोस. माझं वल्हं एकदा पुढच्याच्या वल्ह्यावर आपटलं होतं, अख्खी बाजू विस्कटली! आणि हो, जुनीच चड्डी घाल, बाकावर घासून फाटते.