पुण्याजवळ माळरान आणि द्राक्षबागांमधून ग्रॅव्हल बाईक चालवायला शांत रस्ते आहेत का, आणि त्यासाठी नवीन सायकल घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे हायब्रीड (सरळ हँडलची, शहरात चालवायची सायकल) आहे, पाषाण-हिंजवडी करून कंटाळा आलाय आणि टस्कनीतले ते द्राक्षमळ्यांमधले पांढऱ्या खडीचे रस्ते बघून वाटलं की असं काही आपल्याकडे आहे का. आहे हो, भरपूर आहे. फक्त आपल्याकडे त्याला ग्रॅव्हल कोणी म्हणत नाही, पाणंद म्हणतात, शिवरस्ता म्हणतात, नाहीतर नुसतं मळ्यातला रस्ता. आणि रंग पांढरा नसतो, तांबूस मुरुमाचा असतो.

माझं माहेर नारायणगावजवळ, वडिलांची द्राक्षाची छोटी बाग आहे, शाळेत मी पाणंदीनेच जायचे. लग्नानंतर हडपसरला आले आणि २०२१ मध्ये ग्रॅव्हल बाईक, म्हणजे वाकड्या हँडलची, जाड टायरची, कच्च्या रस्त्याला चालणारी सायकल घेतली, त्यामुळे तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी, माळ आणि द्राक्षं, मला अगदी जवळच्या आहेत, म्हणून जरा मोठं लिहितेय.

आधी सायकलचं सांगते. लगेच घेऊ नका. तुमच्या हायब्रीडच्या फ्रेममध्ये ३८ किंवा ४० मिमीचा टायर बसतो का ते दुकानात बघून घ्या, बसत असेल तर चांगल्या ग्रिपचे टायर टाका आणि एक सीझन चालवा. ग्रॅव्हल बाईकचा खरा फायदा लांब पल्ल्याला कळतो, वाकड्या हँडलवर हात बदलता येतात, डांबरावर पण बरी पळते. पण ४०-५० किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याला हायब्रीड पुरते.

टायरमध्ये मात्र कंजूषी नको, कारण आपल्याकडे खडीपेक्षा काट्यांचा त्रास जास्त. वेड्या बाभळी सगळीकडे, शेतकरी कुंपणाला काटेरी फांद्या लावतात त्या रस्त्यावर येतात, आणि पावसाळा संपला की कडेला सराटे, म्हणजे काटेरी छोटी फळं, वाळून पडलेले असतात, एकेका टायरला दहा-पंधरा सहज चिकटतात. ट्यूब घालून मी एका दिवसात चार पंक्चर काढलेत. ट्यूबलेस केल्यावर, म्हणजे ट्यूब काढून टाकल्यावर, आत सीलंट असतं, भोक बुजवणारा पातळ द्रव, काटा ओढून काढला की फुस्स होतं आणि बंद होतं, बस. पण पुण्याच्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, ते आठवणीने टॉपअप करा. हवा कमी ठेवा, मी साठ किलोची आहे आणि ४० मिमीला पुढे ३०, मागे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरते. रोडबाईकवाले ऐकून चमकतात पण मुरुमावर हवा जास्त असली की सायकल नुसती उडते आणि हात भरून येतात.

आता माळ. पुण्याहून सगळ्यात सोपं म्हणजे कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सासवडच्या बाजूला उतरायचं. तिथून पुढे जेजुरी, मोरगाव, सुपे असा जो सगळा कऱ्हा काठचा पट्टा आहे ना, तो अर्धा बागायती आणि अर्धा उघडा माळ. सासवडकडे अंजीर आणि सीताफळाच्या बागा, आणि जसजसं पूर्वेला जाल तसा पाऊस कमी होत जातो, झाडं खुजी होतात, गवत वाढतं. नोव्हेंबरात ते गवत वाळून सोनेरी होतं आणि सकाळी सातच्या उन्हात त्यातून मुरुमाची एक रेघ लांब टेकाडापर्यंत गेलेली दिसते, गाडी नाही, हॉर्न नाही, फक्त चंडोल आणि टिटव्या. मला विचाराल तर पुण्याजवळ यापेक्षा शांत जागा नाही, पण लोक पडीक जमीन म्हणून बघतात आणि घाटाकडे पळतात. ती पडीक नाहीये. त्या गवतावर चिंकारा, खोकड, लांडगा जगतो. सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य तर चिंकाऱ्यासाठीच आहे, जेमतेम पाचेक चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीत सायकल घालू नका, बाहेरचे गाडीरस्ते पुष्कळ आहेत, आणि तिथेही चाकोरी सोडून गवतात शिरू नका, धाविक पक्ष्याची आणि टिटव्यांची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी पडलेली असतात, चाक गेलं तरी कळत नाही.

सुप्याहून अजून वर गेलात की रोटी. तुकोबांची पालखी पाटसवरून ज्या रोटी घाटाने चढते ना, तोच. तिथे माळावरच वाइनची द्राक्षं लावलेली आहेत आणि वाइनरी आहे, म्हणजे तुम्हाला माळ आणि द्राक्षं एका फ्रेममध्ये पाहिजे असतील तर ती जागा ही.

या भागात मातीचा अंदाज फार महत्त्वाचा. टेकाडावर मुरूम आणि खडक असतो, पाणी थांबत नाही, त्यामुळे पावसाळ्यातसुद्धा तासाभराची उघडीप मिळाली की सायकल चालते. पण नदीकडे उतरलात की काळी माती, ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लापशीसारखी चिकटते. परतीच्या पावसात मी जेजुरी ते मोरगाव नदीकडेच्या रस्त्याने गेले होते, दोनशे मीटरमध्ये दोन्ही चाकं जाम, मी तसंच पेडल मारलं आणि मागच्या डिरेलरचा (गियर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, तुटला. एका दादांनी ट्रॉलीत घालून मोरगावला सोडलं, वर चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून जास्तीचा हँगर पिशवीत असतोच, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत नदीकाठ नाही म्हणजे नाही.

रस्ता शोधायचा कसा हे तुम्ही विचारलं नाहीत पण अडायला तिथेच होतं. सॅटेलाइट नकाशावर जी वाट दिसते तो फोटो बहुतेक उन्हाळ्यातला असतो, तुम्ही जाता तेव्हा ती नांगरलेली नाहीतर बाजरीत बुडालेली असते. मी नकाशावर ढोबळ आखते आणि जागेवर माणसाला विचारते. मेंढरं घेऊन धनगर मामा असतातच, मामा हा रस्ता सुप्याला निघतो का, एवढंच. लांबी विचारू नका, इथंच आहे की असं उत्तर येतं, पण रस्ता निघतो का नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. मेंढरं समोरून आली की उतरून कडेला उभं राहा. त्यांची कुत्री लांडग्यासाठी ठेवलेली असतात, सायकलवर भुंकत येतातच, पळवायचा प्रयत्न करू नका, उतरा, सायकल मध्ये ठेवा, शांत चाला, मामा हाक मारून बोलावतात त्यांना.

आणि द्राक्षं म्हणाल तर आमचा जुन्नर तालुका. नारायणगाव पुण्याहून नाशिक रस्त्याने साधारण ७५ किलोमीटर, तो हायवे सायकलने करण्यासारखा नाही, सायकल गाडीवर टाकून या. गावातून खोडदकडे निघालात की बागा सुरू. या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या, आमच्याकडे काळी जंबो जास्त, वाइनची नव्हे, जरी देशातल्या सुरुवातीच्या स्पार्कलिंग वाइनपैकी एक १९८०च्या दशकात नारायणगावलाच बनायची. दहा-बारा किलोमीटरवर अचानक बागांच्या वर प्रचंड मोठ्या डिश दिसायला लागतात, ती जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. एकेक डिश ४५ मीटर व्यासाची, अशा ३०, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन बाजूंना लांब शेताशेतांमध्ये पसरलेल्या. तारेच्या जाळीच्या आहेत म्हणून आरपार आकाश दिसतं. लहानपणी आम्हाला वाटायचं की त्या वळल्या की पाऊस येतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे मोठं प्रदर्शन असतं आणि तेव्हाच द्राक्षं उतरत असतात, त्या आठवड्यात आलात तर सोन्याहून पिवळं.

येडगाव धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो, पार करमाळ्यापर्यंत जातो, त्याच्या कडेने पाटाचा रस्ता आहे. सपाट, मुरमाड, एका बाजूला पाणी. आवर्तन (धरणातून पाटाला सोडलेलं पाणी) सुटलेलं असलं तर गार वारा पण लागतो. पाटात उतरू मात्र नका, अस्तर गुळगुळीत असतं आणि पाण्याला ओढ असते.

बागेच्या बाबतीत एक गोष्ट घरची म्हणून सांगते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पुढचे दोन-तीन महिने डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या चालू असतात, ट्रॅक्टरला ब्लोअर लावून अख्खा धुरळा उडतो. ब्लोअरचा आवाज आला की थांबा, वारा कुठून आहे बघा, तो ओळ संपवून वळेपर्यंत पाच मिनिटं जातात. आणि घड तोडू नका. दोन मण्यांचा प्रश्न नाही, एक्सपोर्टच्या बागेत घडातले मणी मोजून ठेवलेले असतात, एकेक घड बायका कात्रीने विरळ करतात, त्यात माझ्या आईची बोटं झिजलीत. मागा, माणूस टोपली भरून देईल, धुऊन खा.

आणि बिबट्या. जुन्नरमध्ये हे हलक्यात घेऊ नका. ऊसतोड सुरू झाली की त्याची लपायची जागा जाते आणि तो फिरायला लागतो. पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका, ऊन उतरायच्या आत परत या, एकटे नको. पंक्चर झालं तर उसाच्या कडेला खाली बसून काढायचं नाही, सायकल ढकलत मोकळ्यावर नाहीतर वस्तीवर जायचं. बसलेला, वाकलेला माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतो, हे आमच्याकडे पोरांना पण शिकवतात.

परत जाताना नारायणगावात मासवडी आणि रस्सा खा, पोटभर.

पहिल्यांदा मात्र सासवडकडेच जा, हायब्रीडवरच, येत्या डिसेंबरात. सोनोरीला जा, मल्हारगडाच्या पायथ्याचे रस्ते नवख्याला झेपतात, बरोबर तीन लिटर पाणी, दोन ट्यूब, चिमटा काटे काढायला. चिमटा विसरू नका, नखाने सराटा निघत नाही.