आठवड्यातून एकदाच पाणी येतं, अंगणात कोणतं फुलझाड टिकेल?

तुम्ही लिहिलंय की सांगोल्याकडे घर आहे, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, एप्रिल-मे टँकरवर निघतात. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील आणि देवाला फुलं देईल असं झाड हवंय, आणि ते आत्ता एप्रिलमध्येच लावू का, असंही विचारलंय.

माझं उत्तर कोरांटी. त्यातही निळी किंवा पांढरी, बिनकाट्याची. आत्ता मात्र लावू नका, पाऊस सुरू होईपर्यंत थांबा.

मीही सोलापूर जिल्ह्यातच राहतो. आपल्याकडे वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा ठिकाणी कोरांटी माळावर, बांधावर कुणी पाणी न घालता वाढलेली दिसते. ती आपल्याच मातीतली आहे, म्हणून मला तिच्यावर भरवसा वाटतो. फुलं नवरात्राच्या आसपास सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत झाड भरलेलं असतं. सुवास नसतो आणि फूल नाजूक असतं, सकाळी तोडून लगेच वाहिलेलं बरं. उन्हाळ्यात फुलं मिळणार नाहीत. तेव्हाही परडीत काहीतरी हवं असेल तर शेजारी सदाफुली लावा, तीही कमी पाण्यावर चालते.

आता एप्रिल का नको, ते सांगतो. कमी पाण्यावर जगणारं झाड जगतं ते खोल गेलेल्या मुळांवर. नव्या रोपाकडे ती मुळं नसतात. पहिल्याच वर्षी त्याला कोरडं ठेवलं तर कोरांटीही मरते, आणि मग लोक म्हणतात की हे झाड काटक वगैरे काही नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली भिजली की लावा. पावसाळा आणि हिवाळा मिळून मुळांना सात-आठ महिने मिळतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र हात आखडू नका, आठ-दहा दिवसांनी झाडामागे एक कळशी पाणी द्या. रोज तांब्याभर शिंपडण्यात काही अर्थ नाही. त्याने वरची दोन बोटं माती ओली होते, मुळंही तिथेच वर पसरतात आणि पाणी चुकलं की झाड माना टाकतं. पाणी एकदम, आळं भरून द्यायचं आणि नंतर माती वाळू द्यायची. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पंधरा-वीस दिवसांनी दिलं तरी भागतं.

आळ्यात पालापाचोळा किंवा पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून ओल उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात. पाचटाने भेगा खूपच कमी होतात. पण वाळवी असेल तर पाचट खोडाला टेकवू नका, वीतभर अंतर सोडा. जमीन अगदी चिकण असेल तर मुरूम मिसळून थोडी उंच गादी करा. उन्हापेक्षा पावसाळ्यात बुंध्याशी साचलेलं पाणी कोरांटीला जास्त बाधतं. मुरमाड जागा असेल तर उत्तमच.

रोप विकत आणायची गरज नाही. आषाढात कुणाच्याही झाडाची पेन्सिलएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्या. फार कोवळी नको, फार जून नको. खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि सावलीत ओलसर ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. कुंपणासारखी ओळ करायची असेल तर दोन फुटांवर लावा, एकटंच झुडूप हवं असेल तर चार फूट जागा सोडा. दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत झाड मरत नाही, पण लांबुडकं होतं आणि फुलं कमी येतात.

छाटणीकडे लक्ष द्या. बहर संपला की फेब्रुवारीत झाड निम्म्यावर आणा. जुलैत शेंडे खुडले की फांद्या फुटून झुडूप गच्च होतं. ऑगस्टच्या मध्यानंतर कात्री लावू नका, नाहीतर येणारा बहरच कापला जाईल. खत म्हणून जूनमध्ये दोन ओंजळी शेणखत पुरे. युरिया नको, पाला माजतो आणि फुलं रुसतात.

मे महिन्यात झाड पानं गाळेल, काड्या वाळल्यासारख्या दिसतील. याच वेळी अनेक जण झाड मेलं समजून उपटून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, पाऊस येताच फुटेल. पानं टाकून देणं हीच त्याची पाणी वाचवायची रीत आहे.

कुंडीत लावायचं असेल तर हिशेब वेगळा. कुंडीत मूळ तळाला पोचून गोल फिरत राहतं, खोल जायला वाव नसतो. गच्चीवरच्या कुंडीला एप्रिलमध्ये आठवडाभर पाणी न देऊन चालणार नाही. तुमच्याकडे अंगण आहे, तर जमिनीतच लावा.

पानांवर काळ्या, केसाळ-काटेरी अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. लेमन पॅन्सीसारखी फुलपाखरं कोरांटीवर अंडी घालतात. ती अळी थोडा पाला खाते, झाड पुन्हा फुटतं. कोवळ्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर मात्र तेवढा शेंडा कापून लांब टाका.

पिवळ्या कोरांटीचं विचाराल, तर तीही तितकीच काटक आहे. तिलाच वज्रदंती म्हणतात, दात-हिरड्यांसाठी तिचा पाला जुन्या काळापासून वापरात आहे. पण पानांच्या बेचक्यात अणकुचीदार काटे असतात, त्यामुळे पायवाटेला, लहान मुलं खेळतात तिथे ती नको. कंपाउंडच्या कडेला लावा, गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. शिवाय बोंडं वाळली की तडकून बिया लांब उडतात, जूनमध्ये आजूबाजूला रोपं उगवलेली दिसतील. नको असलेली लहान असतानाच उपटा, मोठी झाली की मूळ सहज निघत नाही.