पॅकेज किती? हप्त्याच्या पगारवाल्यानं काय सांगायचं?

लग्नाआधी समुपदेशनाला येणाऱ्या पोरांची एक काळजी मी इतक्या वेळा ऐकलीय की आता विचारावंही लागत नाही. मुलीकडचे विचारतात "पॅकेज किती?", आणि ज्याला दर शनिवारी रोख पगार मिळतो तो गप्पच बसतो.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधला एक वेल्डर असाच आला. "मॅडम, मले हप्त्याले ५,४०० भेटते, मंग महिन्याचे २१,६०० झाले ना? वर्षाचे दोन लाख साठ पण नाही होऊन राहिले. मुलीच्या भावाले तीन लाखाचं पॅकेज आहे, त्याच्यासमोर काय सांगू?"

बहुतेक जण हाच हिशोब करतात, चार हप्ते म्हणजे महिना आणि मग गुणिले बारा. पण त्यात ४८च हप्ते होतात, वर्षात असतात ५२. दरवर्षी निदान चार महिने पाच शनिवारांचे असतात, ते चार शनिवार या हिशोबात गायबच होतात. ५,४०० गुणिले ५२ म्हणजे २,८०,८००. आकडा बघून गडी एकदम सरळ बसला.

म्हटलं थांब, एवढा पण खुश होऊ नको, काम बंद तर पैसा बंद ना तुझ्याकडे? त्यानं खिशातली डायरी काढली, दर शनिवारी पेनानं लिहिलेला आकडा, कोपरे तेलकट झालेले. (ही सवय मला फार आवडली, सॅलरी स्लिप नसलेल्या प्रत्येकानं लावून घ्यावी.) दिवाळीचा अख्खा हप्ता कोरा, शिवाय मारबतीचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आपला नागपूरचा सण) दिवस, एकदा ताप, असे पाच खाडे, रोजचे ९०० धरून. वर्षभरात खरंच हातात आले २,७०,९००. सांगायचा आकडा हाच, ५२ वाला नाही.

आता ते तीन लाख. ते सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला तो वर्षाला पडतो तो एकूण खर्च; कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) त्यातच मोजलेली. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरलं तर हे दोन्ही मिळून पंचवीस हजार तिथेच गेले, मग त्याचा स्वतःचा १२ टक्के पीएफ आणि २,५०० प्रोफेशनल टॅक्स कापून हातात येतात साधारण २,५४,०००. म्हणजे आपला वेल्डर जास्त कमावतो? हातात येणाऱ्या पैशात, हो. पण त्या भावाच्या नावावर पीएफ आणि त्याच्या पेन्शनमध्ये दोन्ही वाटे मिळून वर्षाला ३६,००० जमा होतात आणि याचं खातंच नाही, कारण शॉपमध्ये माणसं आठ आणि पीएफचा कायदा साधारणपणे २० माणसांपासून लागतो. मुलीच्या बापाला खरी धास्ती याचीच असते, पॅकेज हा नुसता विचारायचा शब्द झाला.

म्हणून मी त्याला सांगितलं की पाचव्या शनिवारचा पगार घरखर्चात धरूच नको, तसाही तू तो आजवर मोजत नव्हतास. चार वेळचे २१,६०० पोस्टात पीपीएफमध्ये टाक, ते सरकारी बचत खातं नोकरीतला पीएफ नसला तरी स्वतः उघडता येतं, आणि बैठकीत सरळ बोल, "वर्षाचे दोन लाख सत्तर, पीएफ नाही, पण पीपीएफ सुरू केलंय."

बैठकीनंतर त्याचा फोन आला. मुलीच्या वडिलांनी आकडा ऐकला, डायरी चाळली आणि एकच विचारलं, "दिवाळीच्या हप्त्याचे मालक काहीच नाही देत का?" हे त्यानं मालकाला कधी विचारलंच नव्हतं. आता विचारणार म्हणतोय.