पतसंस्थेचं प्रकरण हाती आलं तर

पैसे अडकलेला ठेवीदार ठेवपावती घेऊन आला की लगेच फिर्याद टाइप करायला बसू नकोस. आधी लेखापरीक्षण अहवाल मिळव. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 खाली तो दरवर्षी व्हावाच लागतो. त्यातली कर्जयादी सातबारा आणि गहाणखतांशी ताडून बघ. जमिनीच्या एकाच गट क्रमांकावर तीन कर्जं, किंवा जुनं खातं बंद करायला त्याच दिवशी उचललेलं नवं कर्ज दिसलं, की बोगस कर्जदारांचा धागा सापडला समज.

मूळ पावत्या पक्षकाराच्या लॉकरमध्ये राहू देत, संस्थेत ‘नूतनीकरणासाठी’ अजिबात जमा करू देऊ नकोस. व्हॉट्सअॅप संदेशांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) आत्ताच करून घे. फोन बदलला की पुरावा लटकतो.

फिर्यादीत नुसती फसवणूक लिहून थांबू नकोस. ठेवीदारांच्या हितसंबंध संरक्षणाचा 1999 चा कायदा लावायचा आग्रह धर, कारण कलम 4 खाली मालमत्ता जप्त होते आणि लोकांचे पैसे परत मिळायची खरी वाट तीच. अर्ज आर्थिक गुन्हे शाखेत दे, पोच घे.

साक्षीदाराला धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार आणि संरक्षणाचा अर्ज. संचालकाने ‘बसून मिटवू’ म्हणून बोलावलं, तरी एकटा जाऊ नकोस.