दवाखान्यात नोंदी असताना घरी येऊन असले प्रश्न कशाला? – माझं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. गावी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या बाई आल्या. तुमच्या जावेला आतल्या खोलीत एकटीला बसवून अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाली फोड किंवा जखम झाली होती का, वर्षभरात कुणाकुणाशी संबंध आला, हे विचारलं. शेजारच्या घरी मात्र यातलं बरंच काही विचारलं नाही. सासूबाई भडकल्या. तुमचं म्हणणं असं, की दवाखान्यात सगळ्या नोंदी आहेतच, मग घरात शिरून हे विचारण्याची गरज काय, आणि आपल्या पदरात काय पडतं?

मी बरीच वर्षं मराठवाड्यात आणि विदर्भात अशा सर्वेक्षणांचं काम केलंय, आधी प्रश्नावली भरणारी म्हणून आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून. सासूबाईंचा राग योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. अनोळखी बाई घरी येऊन असलं विचारते तेव्हा राग येणारच. पण दवाखान्यातल्या नोंदी पुरेशा आहेत, हे मला मान्य नाही. लैंगिक आरोग्याच्या बाबतीत त्या नोंदी कधी आजार लपवतात, तर कधी फुगवतात. दोन्ही आपल्याकडे घडलेलं आहे.

आधी लपवण्याबद्दल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले. त्या काळी सरकारी कार्यक्रमाला गावातली बाई दोनच वेळा दिसायची, बाळंतपणाला आणि नसबंदीला. मधल्या सगळ्या वर्षांत तिला काय होतं याची नोंद कुठेच नव्हती. दवाखान्यात त्या तक्रारी येत नव्हत्या, म्हणून तो प्रश्नच नाही असं गृहीत धरलेलं. बंग दांपत्याने वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जाऊन १३ वर्षांवरच्या ६५० मुली-बायकांची नीट तपासणी केली. नुसते प्रश्न विचारले नाहीत, अंतर्गत तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्याही केल्या. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

या दोन आकड्यांमधल्या अंतरामुळेच घरोघरी जावं लागतं. आणखी एक गोष्ट. त्यांतल्या ५५ टक्के बायकांनीच काही तक्रार सांगितली होती. म्हणजे बाकीच्यांपैकी बऱ्याच जणी आजार असून काही सांगत नव्हत्या. काहींना लक्षणच नसेल, काहींना ते लक्षण आहे असंच वाटत नसेल. धुपणी (म्हणजे अंगावरून पांढरं जाणं) बाईच्या जातीला असतेच, हे वाक्य मी गावोगाव ऐकलंय, आणि म्हणणाऱ्या बहुतेक वेळा आई किंवा सासू असतात, ज्यांनी स्वतः आयुष्यभर ते सोसलेलं असतं.

पुढे जगभर 'प्रजनन आरोग्य' हा विषय कुटुंबनियोजनाच्या बाहेर काढून मांडला गेला, १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कैरो लोकसंख्या परिषदेत तो मान्य झाला आणि १९९७ मध्ये आपल्याकडे प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्या सगळ्या चर्चेत गडचिरोलीचा हा अभ्यास वारंवार पुढे ठेवला गेला.

मात्र ९२ टक्के हा आकडा उचलून 'भारतातल्या ९२ टक्के बायका आजारी' असं लिहिणारे लेख मला खटकतात. तो दोन गावांचा अभ्यास आहे. त्यात साध्या, सहज बऱ्या होणाऱ्या तक्रारीसुद्धा धरलेल्या आहेत. त्याचं मोल आकडा मोठा आहे म्हणून नाही. कुणी बघायलाच गेलं नव्हतं तिथे पहिल्यांदा कुणी बघितलं, म्हणून आहे.

आता गोव्याचं. हा अभ्यास कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. उत्तर गोव्यात हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत २००१ ते २००३ या काळात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांचा अभ्यास केला. यादीतून चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या बायका, दवाखान्यात आलेल्या नव्हेत. १४.५ टक्के बायकांनी पांढरं जाण्याची तक्रार सांगितली. चाचण्या केल्यावर लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग सापडले जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास. आणि पांढरं जाण्याच्या तक्रारीचा सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो जंतूंशी नाही, तर मनावरच्या ताणाशी, उदासीशी, चिंतेशी.

तक्रार खोटी होती असा याचा अर्थ मुळीच नाही. पण बाई 'पांढरं जातंय, कंबर दुखते, अशक्तपणा आहे' असं सांगते तेव्हा ती अंगात जंतू असल्याचंच सांगत असेल असं नाही. दिवसभराचं काम, नवऱ्याचा जाच, पोटात अन्न नाही, रात्री झोप नाही, हे सगळं बोलायला तिला दुसरी जागा नसते. डॉक्टरसमोर उच्चारता येईल अशी ती एकच तक्रार असते.

आपल्याकडे यावर उपचार कसा होतो? जिथे प्रयोगशाळा नाही तिथे लक्षण ऐकून औषध द्यायची पद्धत आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्यासाठी रंगीत पाकिटं ठरवून दिलीत, धुपणीसाठी हिरवं. पुरुषांच्या तक्रारींना आणि जखमांना ही पद्धत बऱ्यापैकी लागू पडते. बायकांच्या धुपणीला मात्र ती फार ढोबळ आहे, आणि ते गोव्याच्या अभ्यासाने स्पष्ट दाखवलं. संसर्ग नसलेल्या बाईला औषधं मिळतात, आणि संसर्ग असून लक्षण नसलेली बाई तशीच घरी राहते.

हिरव्या पाकिटाने बरं वाटलं नाही की पुढचा टप्पा खासगी दवाखाना, आणि तिथून कधीकधी गर्भाशयाची पिशवी काढण्यापर्यंत गोष्ट जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांबद्दल २०१९ मध्ये जे बाहेर आलं ते सगळ्यांनी वाचलं असेल. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींचं वय चाळिशीच्या आतलं. तक्रारी त्याच, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि वर कॅन्सर होईल ही भीती घातलेली. हे कुणाला आधी दिसलं नाही, कारण प्रत्येक शस्त्रक्रिया वेगवेगळ्या खासगी दवाखान्याच्या वहीत एकटीच पडून होती. घरोघरी मोजल्यावर बेरीज झाली. (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पिशवी काढल्याचा प्रश्न आता विचारतात, तो याचसाठी महत्त्वाचा.)

नोंदी फुगवतात ते कसं, त्याचं उदाहरण एचआयव्हीचं. आपल्या देशात बाधितांची संख्या बरीच वर्षं ठरावीक केंद्रांवरच्या तपासण्यांवरून काढत. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायका, गुप्तरोगाचे रुग्ण, असे गट. त्या हिशेबाने आकडा ५० लाखांच्या वर गेला होता. पण सरकारी दवाखान्यात कोण येतं? गरीब माणूस येतो, आणि खासगी डॉक्टरने संशय येऊन हाकललेला माणूसही तिथेच येतो. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात डॉ. ललित दांडोना यांच्या गटाने घरोघरी रक्त तपासलं, तेव्हा सरकारी पद्धतीचा अंदाज सुमारे अडीचपट फुगलेला निघाला. मग २००५-०६ च्या तिसऱ्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच देशभर एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के, महाराष्ट्रात ०.६२. सगळं जुळवून २००७ मध्ये नवा अंदाज जाहीर झाला, सुमारे २५ लाख.

यावर काही लोक म्हणाले की एवढा गाजावाजा उगाच केला. मला ते पटत नाही. २५ लाख माणसं म्हणजे थोडी नाहीत. शिवाय मोफत औषधं २००४ पासून सुरू झाली होती. आकडा चुकीचा असेल तर औषधाची केंद्रं चुकीच्या जिल्ह्यात उघडतात.

घरोघरी पाहणीलाही मर्यादा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. ती घरात सापडलेल्यांनाच मोजते. ट्रकवर असलेला माणूस, लॉजवर राहणारा, वसतिगृहातला मुलगा, वेश्याव्यवसायातली बाई, हे सुटतात. म्हणूनच २००७ चा अंदाज नुसत्या सर्वेक्षणावर काढला नाही, जोखमीच्या गटांची माहिती वेगळी जोडली आणि प्रमाण ०.३६ टक्के धरलं. आपल्याकडे दिवाळीनंतर बीड-जालन्याकडच्या गावांत गेलात तर निम्म्या दारांना कुलूप असतं. त्या घरांतल्या बायका फडावर असतात, आणि त्यांच्याबद्दलच आपल्याला सगळ्यात जास्त माहिती हवी असते. माझ्या मते या कामातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

पदरात काय पडतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्याला उत्तर धाराशिवचं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या परिसरात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली ग्रामीण भागातली पहिली. त्याच आधारावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. ५२ ग्रामसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची (या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या) चाचणी, एकाची पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेली तपासणी), एकाची व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी, आणि चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीच्या सोयी. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखे, तीस-पस्तीस हजारांचे. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बोलावलेल्या पाचांतल्या चौघी तपासणीला आल्या होत्या, हेही लक्षात घ्या. 'खेड्यातल्या बायका तपासायला येतच नाहीत' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतेय. गावात जाऊन, बाईमाणसाने, नीट समजावून बोलावलं तर येतात.

व्हिनेगरच्या तपासणीने धाराशिवमध्ये तेवढा फरक दिसला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून तीच तपासणी दर दोन वर्षांनी करवली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे स्वस्त पद्धत चालते, पण ती पुन्हा पुन्हा आणि काळजीने करावी लागते.

त्या चौथ्या गटाबद्दल मात्र मनात सल आहे. तपासणी न मिळालेल्या बायकांच्या मृत्यूंवरून पुढे देशात-परदेशात वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तेव्हा देशात अशा तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता, हे कारण खरं आहे. पण अशा बायकांच्या जिवावर जे कळलं ते वापरलं तरच त्या कारणाला अर्थ राहतो. आणि आपण काय वापरलं? २०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी करायचं ठरवलं. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या निघाल्या १.९ टक्के. हे वाचून मला राग येतो. पण हा आकडा आहे म्हणून निदान कुणाला जाब तरी विचारता येतो, आणि तो तुमच्या जावेसारख्या लाखो बायकांनी एका खोलीत बसून दिलेल्या उत्तरांतून आला आहे.

आता जावेला सांगायच्या गोष्टी. संबंधांबद्दलचे प्रश्न सगळ्यांना विचारत नाहीत. चौथ्या आणि पाचव्या सर्वेक्षणांत साधारण १५ टक्के घरांतच ती लांब प्रश्नावली होती, आणि घरं आधीच ठरलेली असतात. शेजारी विचारलं नाही आणि हिला विचारलं, यात तिच्या चारित्र्यावर कुणाचा संशय नाही, एवढं सासूबाईंना नक्की समजावा. एकटीला बसवतात ते तिच्याच भल्यासाठी. घरातलं दुसरं माणूस ऐकत असेल तर काही प्रश्न विचारायचेच नसतात, मारहाणीचे तर अजिबात नाही. कुठल्याही प्रश्नाला 'नाही सांगणार' म्हणायचा आणि मुलाखत मध्येच थांबवायचा तिला हक्क आहे. बाईंनी सुरुवातीला हे सांगितलं नसेल तर ती त्यांची चूक, आणि त्यांच्या पर्यवेक्षकाकडे तक्रार करा.

आणि तिने 'हो, पांढरं जातं' असं उत्तर दिलं असेल तर सर्वेक्षणाच्या बाई त्यावर औषध देणार नाहीत. तिला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. तिथे 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तपासणी मोफत होते. तपासून मगच औषध द्या, असा आग्रह धरा, आणि तिशी उलटली असेल तर त्याच वेळी गर्भाशयमुखाची तपासणीही मागा. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायचं बोललं तर होकार देऊ नका, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. जाताना शक्य असेल तर तुम्हीच सोबत जा, सासूबाईंना नेऊ नका. तिला डॉक्टरांशी काय बोलायचं असेल ते मोकळेपणी बोलता यायला हवं.